फ्रिजमधल्या इंदूकाकू

ओळीने तीन उन्हाळे आमच्या फ्रिजमध्ये एका बाईचं डोकं होतं. हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे. म्हणून घाईघाईने सांगून टाकते, डोकं मेणाचं होतं आणि ते शेजारच्या पांचाळकाकांचं होतं. म्हणजे त्यांच्या बायकोचं.

बेलापूरला आम्ही राहायला आलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. रस्ते तयार होते, दिव्याचे खांब तयार होते, माणसं अजून यायची होती. आमची चार मजली बिल्डिंग निम्मी रिकामी. तिसऱ्या मजल्यावर मी, नवरा, सासूबाई आणि समोरच्या दाराला एक पितळी पाटी: ‘सौ. इंदुमती व श्री. आत्माराम पांचाळ’. बायकोचं नाव आधी घालणारा माणूस आहे तरी कोण, म्हणून मी मुद्दाम ओळख करून घ्यायला गेले. दार काकांनी उघडलं. काकू कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, “गेली. दीड वर्ष झालं.” मग पाटीकडे बघत म्हणाले, “पितळ चांगलं आहे. काढवत नाही.”

पांचाळकाका मूळचे राजापूरकडचे. मुंबईत कलेचं शिक्षण घेतलं, काही वर्षं एका ओतशाळेत पुतळे केले, मग एका संग्रहालयात जुन्या धातूच्या मूर्ती दुरुस्त करण्यात उरलेली नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्र्याची एक शेड भाड्याने घेतली होती. आजूबाजूला सळ्या कापणारे, भंगारवाले, ट्रकवाले. त्यांच्या मधोमध हे. स्वतःला शिल्पकार म्हणवून घ्यायला त्यांना लाज वाटायची. कुणी विचारलं तर ‘ओतकाम करतो’ म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं नळाचे कॉक बनवत असतील. ते तसंच वाटू द्यायचे.

ठेंगणे, काटक, दोन्ही हातांच्या बोटांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बांबूची एक चपटी कोरणी कायम. आणि एक सवय अशी की दिसेल त्या धातूला बोटाच्या पेराने टकटक करायचं आणि कान देऊन ऐकायचं. बिल्डिंगचं गेट, जिन्याचा कठडा, रिक्षाचा मीटर, कशालाही सोडलं नाही. पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी सासूबाईंच्या माहेरचा तांब्याचा हंडा वाजवला आणि म्हणाले, “वहिनी, बुडाला डाग दिलेला आहे.” सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. लग्नात वडिलांनी हौसेने दिलेला हंडा तो! काका गेल्यावर त्यांनी चष्मा लावून हंडा पालथा केला. बुडाशी खरंच जुना डाग होता, वर कल्हईसारखं काहीतरी फासलेलं. पन्नास वर्षांनी कळलं की माहेरहून आलेला हंडा गळका होता, आणि तो राग त्यांनी वडिलांवर न काढता पांचाळकाकांवर काढला. चांगले दोन महिने त्यांना चहा मिळाला नाही.

माणसांकडे ते बाजूने बघायचे. सुरुवातीला मला ते विचित्र वाटे. मग कळलं की ते कान बघतात. “चेहरा सगळे बघतात टीचर,” ते मला सांगायचे. मी वाशीच्या एका शाळेत गणित शिकवते म्हणून त्यांच्या तोंडी मी कायम टीचर. “चेहऱ्याने माणूस फसवतो. कान कुणाला हलवता येतात?” माझ्या नवऱ्याचे दोन कान दोन मापांचे आहेत हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांच्याकडून कळलं. आता दुसरं काही दिसतच नाही.

पुतळ्यांच्या कामावर ते फारसं बोलत नसत. बोलले तर हसायचे. पुढाऱ्यांचे पुतळे करून घेणाऱ्या समित्यांना चेहऱ्याशी देणंघेणं नसतं, त्यांना बोट लांब हवं असतं, असं म्हणायचे. त्यांचा जीव खरा दुरुस्तीत. एकदा खाडीपलीकडच्या एका गावातून चौघं माणसं देवीचा मुखवटा घेऊन शेडवर आली. कानाजवळ तडा गेला होता. तो सांधायचाच, पण सोबत नाकही नीट करून द्या म्हणाली. पिढ्यान् पिढ्या हळद चोळून नाक झिजून सपाट झालं होतं. काकांनी मुखवटा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला आणि सांगितलं, “तडा सांधतो. नाकाला हात लावणार नाही.” गावकरी म्हणाले, देवी आमची आहे, नाकाचं आम्ही बघू. काका म्हणाले, “नाक तुमच्या आज्यांनी झिजवलंय. तेही तुमचंच आहे. मी धारदार नाक लावीन, ते माझं होईल.” माणसं चिडून परत गेली आणि आठवड्याने तीच माणसं तोच मुखवटा घेऊन परत आली, नाकाबद्दल एक अक्षर न बोलता. जेवढं तुटलंय तेवढंच जोडायचं, वर आपला हात दिसता कामा नये, हा त्यांचा नियम. बिल्डिंगमधल्या बायका पितळी समया चिंचेने घासून लख्ख करायच्या तर हा माणूस जिन्यातून जाताना डोळे मिटून घ्यायचा.

असा माणूस एका एप्रिलच्या दुपारी आमच्या दारात उभा राहिला. हातात ओल्या पंच्याने झाकलेलं काहीतरी.

“टीचर, फ्रिजमध्ये जरा जागा मिळेल?”

“कशाला हवी?”

“आमच्या हिला.”

पंचा बाजूला केला तर आत पिवळसर मेणाचं बाईचं डोकं. खऱ्यापेक्षा जरा लहान. केसांचा अंबाडा, कपाळ, शांत डोळे. आतून पोकळ, भिंत जेमतेम भाकरीएवढी जाड. काकांचं घर पश्चिमेचं, दुपारी भिंतीसुद्धा तापायच्या, आणि त्यांच्याकडे फ्रिज नव्हता. मेण नरम पडून गाल ओघळायला लागला होता. मी भाजीचा ट्रे काढला, एक जाळी काढली, आणि इंदूकाकू दह्याच्या पातेल्याशेजारी जाऊन बसल्या.

सासूबाई संध्याकाळी फ्रिज उघडून किंचाळल्या. मग दोन दिवस त्यांनी फ्रिजमधलं दूध घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच ठरवलं की बाई सवाष्ण गेलेली आहे, चेहरा शांत आहे, आपल्याला तिचा त्रास नाही. त्यानंतर त्या तिला पाहुणी म्हणायला लागल्या. “पाहुणीला जरा सरकवलंय गं, लोणी ठेवायचं होतं.” मे महिन्यात एकदा दुपारी वीज गेली ती चार तास आली नाही. मी शाळेतून आले तर सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून, डोकं ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन, पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. स्वतः घामाने निथळत होत्या. त्या दिवसापासून पांचाळकाकांचा चहा पुन्हा सुरू झाला.

पाऊस लागून हवा निवली की काका डोकं परत घेऊन जायचे. मार्च-एप्रिलात पुन्हा घेऊन यायचे. मधल्या महिन्यांत ते त्यावर काम करत. उन्हाने बसलेला गाल उचलायचे, खचलेली पापणी नीट करायचे. ते डोकं एकमेव होतं. त्याच्यावरून काशाचं डोकं ओतायचं तर सगळीकडून मातीचा साचा चढवून भट्टीत घालायचं, आतलं मेण वितळून वाहून जातं, आणि त्या रिकाम्या जागेत धातू ओततात. धातू नीट उतरला तर चेहरा मिळाला. नाही उतरला तर मेणही गेलं आणि धातूही गेला.

मी गणिताची बाई. मला हा हिशेब पटेना. “आधी याचा प्लास्टरचा साचा काढून ठेवा की,” मी म्हटलं. “फसलं तर दुसरं मेण करता येईल.”

“येईल ना. दुसऱ्यांचे शेकड्यांनी काढलेत.”

“मग?”

ते बांबूची कोरणी बोटांत फिरवत राहिले. “साचा काढायचा म्हणजे काम संपलं असं म्हणायचं,” शेवटी म्हणाले. “संपलंय का, ते मला कळत नाही. तिला विचारायची सोय नाही.”

फोटो बघा म्हटलं तर त्यांनी पेटीतून चार फोटो आणून दाखवले. लग्नातला, कुठल्याशा देवळासमोरचा, भावाच्या मुलाच्या मुंजीतला आणि रेशनकार्डासाठी काढलेला. चारही फोटोंत इंदूकाकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि तीन फोटोंत डोळेही. “कॅमेरा दिसला की दातांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखी बसायची,” काका म्हणाले. मूलबाळ नव्हतं. आम्ही आलो त्याच्या आधी त्या गेलेल्या. म्हणजे तो चेहरा आता फक्त एका माणसाच्या आठवणीत होता, आणि तो माणूस साठीच्या पुढे गेलेला. आपण विसरायच्या आत तो धातूत जायला हवा, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेवढंच त्यांच्याने होत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी डोकं आलं तेव्हा मी चेष्टेत म्हटलं, “काका, काकूंचं वय दरवर्षी उतरतंय.” ते हसले. मग ओला पंचा नीट करत म्हणाले, “असं वाटतं तुम्हाला?” मी उत्तर द्यायच्या आत निघून गेले. मी तेव्हा गप्प राहायला हवं होतं, किंवा मग नीट बोलायला हवं होतं.

आमच्या बिल्डिंगला मासे द्यायला दिवाळे गावची चांगुणा यायची. खाडीवरच्या कोळीवाड्यातून डोक्यावर पाटी घेऊन चालत. बिल्डिंगमध्ये पहिली चार कुटुंबं राहायला आली तेव्हापासूनची. सकाळी अकराला तिची हाक जिन्यात घुमली की तिसरा मजला जागा व्हायचा. काका नोकरीत असताना सातलाच घर सोडायचे, त्यामुळे त्यांची आणि तिची गाठ निवृत्तीनंतरचीच. ती सांगेल तो भाव ते देत. चांगुणा त्यावर खूश नव्हती. “काका भावच करत नाय,” ती सासूबाईंकडे तक्रार करायची. “मासा विकल्यासारका वाटतच नाय.”

त्या मे महिन्यात मला सुट्टी होती. चांगुणाने पाटी दाराशी उतरवली आणि पाणी मागितलं. काका त्याच वेळी डोकं बघायला आले होते, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. मी बाटली काढायला फ्रिज उघडला आणि चांगुणा माझ्या खांद्यावरून डोकावली.

“आगं बाय! ही कोन?”

मी सांगणार होते. काकांनी हाताने मला थांबवलं. “कोण वाटते तुला?”

चांगुणा वाकून नीट बघायला लागली. “देवी हाय का कोनी? लय देखनी हाय. कुटल्या देवलात बसवाची?”

काकांनी खिशातली कोरणी काढली आणि परत ठेवली. शेवटी मीच म्हटलं, “चांगुणा, इंदूकाकू आहेत त्या.”

“काकी?” ती हसलीच आधी. “ही? नाय ओ. काकी आशी नव्हती.” मग तिचं लक्ष काकांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तिचा हात तोंडावर गेला. पाणी न पिता ती पाटी उचलून निघून गेली. त्या दिवशी वरच्या मजल्याला मासे मिळाले नाहीत.

काका फ्रिजसमोर तसेच उभे. फ्रिजचं दार उघडं होतं आणि मला ते बंद करायचा धीर होईना.

“टीचर,” ते म्हणाले, “मी तीन वर्षं हिची दुरुस्ती करतोय. हिचं काय तुटलं होतं?”

मला रडू आलं. मी तोंड फिरवून बेसिनमधली भांडी घासायला घेतली. दुसरं काय करणार होते?

जो माणूस देवीच्या झिजलेल्या नाकाला हात लावायला तयार नव्हता, त्याने बायकोचा गाल उचलला होता, पापण्या सरळ केल्या होत्या, ओठ मवाळ केले होते. प्रत्येक उन्हाळ्यात थोडंथोडं. त्यांना ते कळलंही नव्हतं. माणूस गेलं की आपण त्याची भांडणं विसरतो, आणि भांडण विसरलं की त्याचा अर्धा चेहराही जातो. काकांच्या हाताला वर्षानुवर्षं देव-देव्यांची सवय. उरलेला अर्धा त्या हाताने भरून काढला.

दोन दिवस समोरचं दार बंद होतं. सासूबाई दोनदा ताट घेऊन जाऊन परत आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी काका आले ते प्लास्टिकची बादली घेऊन.

“टीचर, बर्फ आहे का जास्तीचा? आणि तुम्हाला वेळ आहे का?”

बादलीत खाली बर्फ, वर ओलं फडकं, त्यावर इंदूकाकू. बादली दोन पायांत धरून मी रिक्षात बसले आणि आम्ही दिवाळ्याला गेलो. चांगुणाचं घर खाडीला लागूनच. ओट्यासमोर दोरीवर बोंबील वाळत होते, दोन बायका जाळं निस्तरत बसल्या होत्या. आम्हाला बघून चांगुणा उठून उभी राहिली.

“काका, माजा चुकला. मना काय समजतंय त्याच्यातला?”

“तुझं चुकलं असतं तर मी आलो नसतो,” काका म्हणाले आणि सरळ ओट्यावर मांडी घालून बसले. “मला फक्त सांग. कशी होती ती?”

चांगुणाने डोळ्याला पदर लावला. “चांगली होती ओ. लय चांगली होती.”

“तेच तर मी करून ठेवलंय,” काका म्हणाले. “दुसरं सांग.”

ती विचारात पडली. जाळं निस्तरणाऱ्या बायकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माणसाचं वर्णन कर म्हटलं की कुणालाच ते येत नाही. गोरी होती, बुटकी होती, आवाज मोठा होता, एवढ्यावर तिची गाडी थांबली. ते सगळं काकांना माहीत होतं.

मग काकांनीच विचारलं, “बरं, तुझ्याकडून मासे घेताना काय करायची?”

चांगुणाचा चेहराच पालटला. “आवं, काय कराची? मना रडवाची!” ती उठली, पदर खोचला, ओट्याची पायरी म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्याचं दार असं ठरवून तिथे उभी राहिली. “मी हितं बसाची. भाव सांगाची. काकी काय बोलाचीच नाय. नुसती आशी बगाची.”

आणि तिने करून दाखवलं. सगळा भार एका पायावर. हनुवटी वर. डावी पापणी अर्धी खाली. खालच्या ओठाचा डावा कोपरा वरच्या सुळ्याखाली धरलेला, हसू दाबल्यासारखा आणि राग दाबल्यासारखाही. तशीच ती थांबली, समोरच्याचा धीर सुटेपर्यंत. मग एकदम काकूंच्या कोकणी हेलात, “काय गो, मासे विकतंस की सोना?”

जाळ्यावरच्या दोघी खदाखदा हसल्या. “काकीच ती! तिसऱ्या माल्यावरची काकी!” त्यासुद्धा कधीमधी आमच्या बाजूला पाटी घेऊन येत असाव्यात.

काका हसले नाहीत. त्यांनी बादलीतून डोकं काढून मांडीवर घेतलं होतं. खिशातली कोरणी हातात आली होती. “परत कर,” ते म्हणाले.

चांगुणाने परत केलं.

“परत. ओठ धरलेला तसाच ठेव. बोलू नको.”

ती उन्हात किती वेळ तशी उभी होती ते मला सांगता येणार नाही. मध्येच तिला हसू यायचं, मध्येच डोळे भरायचे, की काका म्हणायचे, “परत.” मी बर्फाचं पाणी मेणावर शिंपडत होते. अंगठ्याने त्यांनी तो उचललेला गाल दाबून खाली बसवला. पापणी पाडली. ओठाशी मात्र फार वेळ लागला.

“मला पण अशीच बघायची,” एकदाच ते मान वर न करता म्हणाले. “कामावरून उशीर झाला की. दार उघडून उभी राहायची आणि एक शब्द बोलायची नाही. मी विसरलोच होतो गो.”

काम झाल्यावर चांगुणा बघायला पुढे आली तर त्यांनी फडकं टाकलं. “आत्ता नको. धातूत बघ.”

रिक्षात मी फडकं जरा उचललं. तीन उन्हाळे मी त्या डोक्याशेजारी दही ठेवलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की या बाईशी माझं काही पटलं नसतं. आणि पहिल्यांदाच ती भेटायला हवी होती असं वाटलं. घरी सासूबाईंनी बघितलं. “ही आपली पाहुणी नव्हे,” त्या म्हणाल्या. मग जरा जवळ जाऊन, “पण ही बरी. हिच्याशी दोन शब्द भांडता येतील.”

“आता तरी साचा काढून ठेवा,” मी काकांना म्हटलं.

“नको. अजून चार दिवस घरात राहिली तर माझा हात परत जाईल तिच्यावर.” त्याच दुपारी ते डोकं घेऊन कळंबोलीला गेले.

भट्टी लावली त्या सकाळी मी आणि नवरा शेडवर होतो. बाहेर ट्रकांचे हॉर्न, शेजारी सळ्या कापायचा आवाज, ठिणग्या. मातीच्या साच्यात गुंडाळलेलं डोकं एखाद्या मोठ्या रताळ्यासारखं दिसत होतं, त्यातून नळ्या बाहेर आलेल्या. आच लागली तसं नळीतून मेण यायला लागलं. आधी थेंब, मग बारीक धार. खाली लोखंडी घमेलं ठेवलं होतं. शेडभर मधासारखा वास सुटला. काका उकिडवे बसून त्या घमेल्यात बघत होते. शेवटचा थेंब पडून पुढचा आला नाही, तरी ते उठले नाहीत.

“आता ती कुठंच नाही, टीचर,” ते म्हणाले. “मेणात नाही, धातूत नाही. नुसती जागा आहे.”

शेडमधली दोघं माणसं लांब सांडशीने वितळलेल्या धातूची मूस उचलून ओतायला निघाली तेव्हा मात्र ते उठले आणि आवाज चढवून म्हणाले, “सावकाश. घाई धातूला असते. आपल्याला नाही.” लाल रस साच्यात उतरला. माझ्या नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. आपल्या हयातीत बायकोचं डोकं ओतायची वेळ येऊ नये, असं काहीतरी तो पुटपुटला. त्याला बोलायचं नीट कधीच जमलेलं नाही, पण मला कळलं.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. काका कुणाला हात लावू देत नव्हते. छोट्या हातोडीने माती पडत गेली आणि काळपट, खडबडीत, नळ्यांचे खुंट चिकटलेला चेहरा बाहेर आला. हनुवटी आली. पापणी आली. ओठ आला, सुळ्याखाली धरलेला, अगदी तसाच. मग डोक्याची डावी बाजू मोकळी झाली आणि कानाची वरची कड नव्हती. तिथवर धातू पोचला नव्हता. कान हा ज्यांचा जन्माचा विषय, त्यांच्याच बायकोचा कान अपुरा. जोड देणं त्यांना काहीच कठीण नव्हतं, अर्ध्या दिवसाचं काम.

काकांनी त्या कडेवरून बोट फिरवलं. “राहू दे,” ते म्हणाले. “तशीही माझं अर्धंच ऐकायची.” मग पेराने कपाळावर हलकेच टकटक केलं आणि कान जवळ नेला. “खोट नाही,” म्हणाले, आणि डोकं छातीशी धरून हमसून हमसून रडले. सळ्या कापणारा शेजारी यंत्र बंद करून दारात येऊन उभा राहिला.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर काकांनी शेड सोडली आणि ते भाच्याकडे राजापूरला गेले. जाताना दारावरची पितळी पाटी काढली नाही. नवीन भाडेकरूने काढली तेव्हा ती मी मागून घेतली. तिकडेच काही वर्षांनी ते वारले. भाच्याचं पत्र आलं. काशाचं डोकं देवघरात ठेवलंय असं त्याने लिहिलं होतं. काकांना ते आवडलं असतं असं मला वाटत नाही. इंदूकाकूंची जागा दारात होती.

पण काका मला आठवतात ते आणखी एका सकाळचे, डोकं ओतल्यानंतर आठवड्याभरातले. नळ्यांचे खुंट कापून झाले होते, घासूनपुसून झालं होतं, चकाकी अर्थातच आणली नव्हती. ते मला घेऊन पुन्हा दिवाळ्याला गेले. चांगुणा तेव्हा खाडीकाठच्या बाजारात पाटी मांडून बसली होती. उन्हं चढलेली, गिऱ्हाईक फारसं नव्हतं. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि पंचा बाजूला करून दोन्ही हातांनी डोकं तिच्यासमोर धरलं. चांगलं जड होतं ते. मी आधार द्यायला पुढे झाले तर त्यांनी मानेने नको म्हटलं.

चांगुणाने बघितलं. छान झालंय म्हणाली नाही, देवीसारखं म्हणाली नाही, काकांकडे तिने बघितलंही नाही. पदर सारखा केला. पाटीतला एक बांगडा उचलून त्याचा कल्ला उघडला आणि आतला लालभडक रंग त्या चेहऱ्यासमोर धरला.

“आशी नको बगू काकी,” ती कुरकुरत म्हणाली. “कालचा नाय, आजचाच हाय. बग.”

काकांनी डोकं जरासं पुढे वाकवलं, मासा नीट दिसावा म्हणून.